तेलाचा गुण

हिरवळ कापायचा छोटा ट्रॅक्टर दादांनी अंगणात ढकलत आणून धुऊनपुसून लख्ख केला, आणि दुसऱ्या दिवशी तो जागचा हलेना. इंजिन झकास सुरू, चाकं मात्र ढिम्म. गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं यंत्र ते. तेव्हा दोष तेलाचाच, असा निकाल दादांनी उभ्याउभ्याच देऊन टाकला.

"अहो, जरा मागे वाकून बघता का?" वहिनी म्हणाल्या.

"यातलं तुला काय कळतं?"

मग पातळ की दाट, साधं की सिंथेटिक, यावर दादांचा सहा आठवडे खल चालला. जेवणाच्या टेबलावर आमटीच्या वाट्यांतून पाच तेलांचे नमुने मांडले गेले. तोवर गवत इतकं माजलं की मांजर आत शिरलं की शेपटीचं टोक तेवढं दिसे.

अखेर सगळ्यांत महाग तेल आलं, दादांनी ते गाळणीतून ओतलं आणि ट्रॅक्टर सुतासारखा सरळ झाला. त्याच संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर 'तेल कसं निवडावं' हा दादांचा चार पानी लेख येऊन पडला.

आठवड्याभराने धाकट्या दिराचा फोन आला. "वहिनी, दादाने सांगितलं तेच तेल घातलं, तरी माझा तसलाच ट्रॅक्टर हलत नाही."



"भावोजी, ढकलताना चाकं मोकळी करायला मागचा खटका ओढला असेल, तो परत आत दाबा. तुमचे दादा तेल ओतत होते, तेव्हा मीही तेच केलं होतं."