तेरा जणींची मोजणी

तीनशे वर्षांपूर्वी निराधार बायकांसाठी बांधलेल्या त्या धर्मादाय इमारतीत चौकाभोवती तेरा खोल्या होत्या. दानपत्रातली अट साधी होती. तेरा जणी राहत असतील, तोवर जागा त्यांची. एक जरी कमी भरली, तर इमारत पाडायला सरकारी कचेरी मोकळी.

सातव्या खोलीतली विणकाम करणारी मावशी वारून महिना झाला होता. खोलीला कुलूप होतं, आणि नवीन कुणाला घ्यायला कचेरीनेच मनाई केली होती.

भर दुपारी कचेरीचे निरीक्षक मोजणीला आले. उरलेल्या बारा जणी आपापल्या दारात ताठ उभ्या राहिल्या. निरीक्षकांनी चौकात फिरून माणसं मोजली. थांबले, पुन्हा मोजली.

"तेरा," म्हणत त्यांनी सही ठोकली. "आता तुम्हाला इथून कुणी हलवू शकत नाही, आजी."

फाटक लागलं आणि थोरल्या आजीने काठी उंच धरली. "जिंकलो गं पोरींनो." सगळ्या हसत, रडत टाळ्या वाजवू लागल्या.

मग धाकटीने विचारलं, "पण त्यांनी तेरावी म्हणून कुणाला मोजलं?"

हात थांबले. टाळ्या थांबल्या नाहीत.

सातव्या दाराचं कुलूप तसंच होतं. आतल्या त्या एवढ्याशा खोलीत तीनशे वर्षांतले शेकडो हात टाळ्या वाजवत होते.