दोनदा सांगितलेलं गणित

आखातातला सुट्टीचा वार, शुक्रवार आला की क्लिफर्डच्या कपाळाला आठी पडायची. सुट्टीची जेवणं आटोपतात न आटोपतात तोच बरका गावाहून गजेंद्र ड्रायव्हर पुस्तक काखेत मारून हजर! शाळेत न जाता दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म त्याला भरायचा होता, आणि क्लिफर्डची बायको व्हेरोनिका त्याला शिकवायची. तेही किती मायेनं! प्रत्येक गणित दोनदा, खणखणीत आवाजात. नवऱ्यानं मीठ कुठंय म्हणून दुसऱ्यांदा विचारलं तर खेकसणारी ही बाई!

क्लिफर्ड किचनच्या दाराआड जळफळत उभा राहायचा. गजेंद्रच्या आधी मनातल्या मनात उत्तर काढलं, की तेवढंच त्याला बरं वाटायचं.

आज गजेंद्रच म्हणाला, "मॅडम, मला एकदा सांगितलं तरी कळतं. दोनदा कशाला घसा कोरडा करता?"

"दुसऱ्यांदा सांगते ते तुमच्यासाठी नसतं."

गजेंद्र गेल्यावर क्लिफर्ड तणतणत बाहेर आला. टेबलावर सतरा नंबरचा आणखी एक फॉर्म होता. लग्नाच्या वेळी अख्ख्या वसईला दहावी पास सांगितलेल्या क्लिफर्डच्या नावापुढे व्हेरोनिकानं 'नववी पास' लिहिलं होतं. सही तेवढी बाकी होती.