पुलापलीकडे

घड्याळजी गिऱ्हाइकाच्या मनगटावर पट्टा बसवत होता, म्हणून बायको त्याला हाक न मारता दुकानातून मागच्या मोरीकडे गेली. तिच्या मानेवरच्या गाठीचा रिपोर्ट आज मिळणार होता आणि लॅबची पावती तो घरीच विसरला होता. ती द्यायला ती उन्हातून चालत आली होती. तोंडावर पाणी मारावं म्हणून तिनं बादलीवरची फळी उचलली.

बादलीत पिंजरा बुडवलेला होता. आत सकाळच्या पाचही चिमण्या होत्या.

तारेच्या जाळीचा तो पिंजरा त्यानं तिच्यासाठीच केला होता. परसात पाखरांच्या दाण्यांसाठी टांगलेल्या फीडरवर चिमण्यांनी ठाण मांडलं होतं. दाणे बदलून झाले, जागा बदलून झाली, हाकलून हाकलून हात दुखले. तिला ज्या इवल्या पाखरांसाठी दाणे ठेवायचे होते, त्या मुनिया बिचाऱ्या कुंपणावर बसून नुसत्या बघायच्या. "पकडून लांब सोडून येतो," तो म्हणाला होता. तेव्हापासून महिनाभर रोज सकाळी ती पिंजऱ्यावर फडकं टाकून त्याच्या हातात द्यायची आणि संध्याकाळी चहा पिताना विचारायची, "गेल्या का नीट?"

तो सगळं सांगायचा. पुलापलीकडच्या मोठ्या झाडावर जाऊन बसल्या. एक आगाऊ माझं बोटच टोचून गेली. काल तर एक जण स्कूटरच्या आरशासमोर बसून स्वतःशीच भांडत होती म्हणे. ते ऐकून ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती. बहिणीलाही फोन करून सांगितलं होतं.

गिऱ्हाईक गेलं. तो मोरीच्या दारात आला आणि थबकला. डोळ्याला लावलेलं भिंग काढून त्यानं खिशात टाकलं.

"दोनदा खरंच सोडल्या होत्या गं," तो म्हणाला. "मी घरी पोचायच्या आत परत फीडरवर हजर."

"मग तसं सांगायचं होतं."

"सांगून तू काय करणार होतीस? तुला मुनिया हव्या होत्या."

"ते नाही विचारत मी. आरशाचं कशाला सांगितलंत?"

"तुला ऐकायला आवडायचं."

तिनं फळी पुन्हा बादलीवर ठेवली. पावती त्याच्या टेबलावर, सुट्या काट्यांच्या डबीशेजारी ठेवली आणि ती घरी आली. फीडरवर मुनिया दाटीवाटीनं बसल्या होत्या. ती खिडकीला पाठ करून शिवायला बसली. एकच बाही तिनं दोनदा उसवली.

संध्याकाळी तो नेहमीपेक्षा लवकर आला. दारातूनच म्हणाला, "काही नाही निघालं. साधी चरबीची गाठ आहे. डॉक्टर तर हसायलाच लागले. म्हणाले, बाईंना सांगा, अजून तीस वर्षं नवऱ्याचं डोकं खायचंय."

ती हसली नाही. तिनं हात पुढे केला.

"बघू रिपोर्ट."

तो बुटाच्या नाड्या सोडायला खाली वाकला.

"डॉक्टरांकडेच राहिला," तो खाली बघतच म्हणाला.