बाजूला बसलेली

दोन दिवस निवांत राहू म्हणून कोजागिरीनंतर भडगावहून सगळे सातपुड्यातल्या तलावाकाठच्या लॉजवर आले. डिकीत मात्र शेगडी, सिलिंडर आणि ज्वारीचं पीठ होतं, कारण सासऱ्यांना बाहेरचं चालत नाही. सामान उतरलं तसा नवरा हातपाय ताणत म्हणाला, "चारू, आधी चहा टाक. मग भरीत-भाकरी कर."

चारुलता क्षणभर शेगडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी बाजूला बसलेय. आत्ताच."

पाळीचे चार दिवस त्यांच्याकडे बाईनं चुलीला हात लावायचा नसतो. मग शेगडीपुढे सासू बसली, सुमनबाई.

दुपारभर चारुलता तलावाकडे तोंड करून बसली. मागून भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि तिला पाण्याकडे नीट बघताच येईना.

संध्याकाळी सुमनबाईंनी चहाचा कप लांबूनच तिच्यापुढे सरकवला. हाताला पीठ तसंच होतं.

"तुनी पाळी दसरालेच व्हई गई. माले माहीत शे," त्या हळूच म्हणाल्या.

चारुलता घाईघाईनं उठू लागली.

"बठ, बठ. मनी पाळी गई, तशी मनी सुट्टीबी गई."