धिरड्यात पाला

तिआनजिनमध्ये सकाळी धिरड्याच्या गाडीवर जाताना माणसं अंडी घरूनच नेतात. फुलिनने आज चार नेली होती. दोन स्वतःसाठी आणि दोन वुहानहून त्याच्या मुलीला मागणी घालायला आलेल्या चुनसाठी. बायको जाऊन वर्ष झालं होतं, त्यामुळे हो की नाही ते फुलिनला एकट्यालाच ठरवायचं होतं.

मिआओ मावशीने तव्यावर मुगाचं पीठ पसरलं, वर अंडी फोडली आणि पिठाची तळलेली कुरकुरीत कांडी ठेवली.

"मावशी, लेट्यूसचं पान पण घाला ना," चुन म्हणाला.

तिआनजिनच्या धिरड्यात पाला कोणी घालत नाही. सगळी रांग चुनकडे वळली. मावशीचं उलथनं हवेतच राहिलं.

"फुलिनभाऊ, जावई बघताय की ससा?"

"धिरड्यात पाला खाणाऱ्याला मुलगी देणार?" मागून एक म्हातारा ओरडला. "त्यापेक्षा तिला नदीत ढकला!"

"मी ह्याला ओळखतसुद्धा नाही," फुलिन म्हणाला. "रांगेत माझ्या मागे उभा होता, एवढंच."

रांग खो खो हसली. चुनचे कान लाल झाले. पानाशिवायचं धिरडं हातात घेऊन तो फुलिनच्या मागून चालू लागला.

गल्लीच्या वळणावर फुलिन थांबला. मागून कोणी येत नाही ना, हे त्याने नीट पाहिलं आणि चुनच्या कानाशी लागला.

"असं चारचौघांत मागतात का रे, गाढवा? पान घरी जाऊन घालायचं, दार लावून. तुझ्या सासूने एकतीस वर्षं तसंच खाल्लं."