नदीची जागा

सकाळी वरच्या बंधाऱ्याचा लोखंडी दरवाजा खाली आला आणि नदी डोंगरातल्या बोगद्यात वळली. दुपारपर्यंत धबधब्याखालचं पात्र उघडं पडलं. गावातल्या म्हाताऱ्यांनीही कधी न पाहिलेले काळे, बुळबुळीत खडक उन्हात आले. अख्खं गाव टोपल्या घेऊन खाली उतरलं होतं. चिखलात मांगूर मासे उसळत होते आणि बायका ओरडत होत्या.

“अगं आपियो, टोपली भरली असेल तर नवऱ्याची पँट आण! पायांना गाठी मारल्या की झाल्या दोन टोपल्या!”

“त्याची पँट? तिच्यातून मासेच काय, मगरसुद्धा निसटेल!”

हसू धबधब्याखालच्या डोहापाशी येऊन थांबलं. तिथे कुणी मासे धरत नव्हतं. गेल्या पावसात ओगुटूचं जाळं याच डोहात सापडलं होतं. ओगुटू सापडला नव्हता. काही न बोलता गावाने आजच्या दिवशी तो डोह त्याच्या बायकोसाठी सोडला होता.

ती बायको, अकुमू, कमरेएवढ्या गाळात उभी होती. ती पावलांनी शोधत होती. एक पाऊल रोवायचं, बोटांनी चाचपायचं, मग दुसरं. काठावर तिचा दीर ओमोलो थांबला होता. त्याच्या हातात यागोच्या झाडाचं लांबट, जड फळ होतं, पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं. ज्याचा देह मिळत नाही त्याच्या नावाने हे फळ पुरायचं. पुरलं की तो मेला.

एका जागी तिचा पाय अडला. ती तशीच उभी राहिली. डोळे मिटले. मग वाकून तिने खांद्यापर्यंत हात गाळात घातला आणि जे होतं ते वर ओढून काढलं.

झाडाचं मूळ होतं.

“नाही,” ती म्हणाली.

काठावरच्या बायका हळहळल्या. ओमोलोने मात्र तिचा चेहरा पाहिला. दारावर थाप देणारा परका माणूस निघून गेल्यावर आतल्या माणसाचा होतो, तसा तो चेहरा होता.

“या आता वर, वहिनी. डोह संपला.”

“संपला.”

“मग उद्या पुरू या. आई रात्ररात्र जागी असते. तिला रडायला एक थडगं पाहिजे.”

“आणि मला तो पाहिजे, भावजी.”

ओमोलोने कापडाची सुटलेली कड आत खोचली. “कुठून आणू? दगड न् दगड पाहिलात तुम्ही. नदीत नाही तो.”

“नदी कुठे आहे? ही तर नुसती तिची जागा.”

तिने डोंगराकडे पाहिलं. त्याच्या पोटातून बोगदा पार पलीकडच्या वीजघरापर्यंत गेला होता.

“बोगद्याच्या तोंडाला जाळी आहे!” ओमोलोचा आवाज चढला. “लोखंडाची. साधा ओंडका आत जात नाही, माणूस कसा जाणार?”

“मेलेला नाही जाणार,” अकुमू म्हणाली.

पाय धुवायला पाणी नव्हतं. ती तशीच डोंगर चढू लागली. तिच्या पोटऱ्यांवरचा गाळ वाळत गेला, त्याला भेगा पडत गेल्या. खालून कुणी हाक मारली, कुणी थट्टा केली, कुणी म्हणालं, येईल परत, भूक लागली की येईल. अर्ध्या चढावर ती गुडघ्यांवर बसली, ओणवी झाली आणि तिने बोगद्यावरच्या गवताला कान लावला.

पुन्हा हाका आल्या. मान न उचलता तिने एक हात वर केला, शेजारी कुणी झोपलेलं असताना आपण करतो तसा.

आणि सगळी दरी गप्प झाली.