तिकिटामागचं नाव

गंगाधरन सोळा दिवस शुद्धीवर आला नव्हता. त्याच्या खिशातल्या लॉटरीच्या तिकिटाला पाच लाख लागले, तेव्हा ऑपरेशनची सोय झाली म्हणून त्याची बायको विलासिनी धावतच एजंटकडे गेली.

एजंटने तिकीट उलटलं आणि थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाला, "चेची, मागे नाव-पत्ता कुणा लतिकाचा आहे. पैसे तिलाच मिळतील, तेही उद्यापर्यंत सही केली तर."

अक्षर गंगाधरनचंच होतं. लतिका त्याची कोण, हे विलासिनीने कुणाला विचारलं नाही. पत्ता वाचून ती थेट आलप्पुळाला तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सही कर गं, पैसे त्यांच्या ऑपरेशनला दे. नाहीतर ते जातील."

लतिकाने पेन हातात घेतलं आणि थबकली. "चेची, त्यांनी माझं नाव काढलं का हो?"


"सारखं तुझंच घेतायत," विलासिनी म्हणाली.